बोका गादीवर शू करतो, थांबतो, पुन्हा सुरू करतो

आधी एक तातडीची गोष्ट सांगते, बाकीचं नंतर. तुमच्याकडे बोका असेल, तो सारखा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, जोर करत असेल, मध्येच कण्हत असेल आणि त्यातलं लिटर (म्हणजे शू शोषून घेणारी माती) मात्र ओलं होत नसेल, तर हे वाचत बसू नका. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. भाटीपेक्षा बोक्याचा मूत्रमार्ग खूप अरुंद असतो. तो तुंबला की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. पुष्कळ जण त्याला शी होत नाहीये असं समजून तूप नाहीतर एरंडेल पाजत बसतात आणि त्यात रात्र जाते. रविवार असो, अमावास्या असो, डॉक्टरांना उठवा.

ज्यांच्याकडे ओलं होतंय, फक्त नको त्या जागी होतंय, त्यांच्यासाठी पुढचं.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. तिसरा मजला, दोन बेडरूम, एक ड्राय बाल्कनी. घरात मी, नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. मांजर पाळायचा अनुभव कुणालाच नाही. सासूबाईंच्या माहेरी मांजरं होती, पण ती नुसती असायची. कुणी पाळलेली नसायची, आणि ती कुठे जातात, कुठे करतात हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. नवऱ्याचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे. तिथल्या बारदानात एक मांजर व्यायली. चार पिल्लांतलं एक नारिंगी पिल्लू फेब्रुवारीत, तीन महिन्यांचं झाल्यावर, मुलाच्या हट्टापायी घरी आलं. रंग बघून मुलाने नाव ठेवलं भडंग. (नारिंगी मांजरांत पाचातले साधारण चार बोके असतात, त्यामुळे भाटी की बोका यावर पैज लावायची असेल तर बोक्यावर लावा.)

दोन महिने काही म्हणजे काही त्रास नाही. ट्रे ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर त्याला ट्रेमध्ये ठेवलं, बोटाने जरा लिटर उकरून दाखवलं, झालं. मी मैत्रिणींसमोर फुशारक्या मारल्या की कुत्र्यासारखं खाली फिरवायला नको, पावसात भिजायला नको, मांजर म्हणजे फ्लॅटसाठीच जन्माला आलेलं जनावर.

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री पावणेदोन वाजता माझा पाय ओल्या दुलईला लागला.

तिथून जुलैपर्यंत आमचं एकच चक्र चाललं. दोन-तीन दिवस गादीवर, मग दहा-पंधरा दिवस शहाण्यासारखा ट्रेमध्ये, मग पुन्हा गादीवर. या काळात आम्ही केलेले उपाय असे: रागावणं, बेडरूमचं दार लावून घेणं, लव्हेंडरच्या वासाचं महागडं लिटर, झाकणाचा ट्रे, नसबंदी, आणि सासूबाईंनी काढलेली दृष्ट. गंमत अशी, की प्रत्येक उपाय लागू पडला. दृष्टसुद्धा. दर वेळी दोन दिवसांत थांबलं आणि दर वेळी आम्ही म्हटलं, सापडलं बाई एकदाचं.

या चक्राचं कारण मला ऑगस्टमध्ये डॉक्टरांकडून कळलं. ते आधी कळलं असतं तर एक गादी वाचली असती. मांजराच्या मूत्राशयाला सूज येते तेव्हा ती बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत आपली आपण ओसरते. औषध द्या, देऊ नका, दृष्ट काढा. त्यामुळे त्या आठवड्यात तुम्ही जे काही कराल ते गुणकारी वाटतं. मूळ कारण मात्र घरात तसंच बसलेलं असतं, आणि ते पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून 'थांबलं' या शब्दावर दोन महिने तरी विश्वास ठेवू नका.

लाल ठिपके

जूनमध्ये नवरा म्हणाला, "हे तर आता रोजचंच झालंय." मी म्हटलं, रोज नाही. मग कधी? दोघांनाही सांगता येईना. तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी ठिपके काढायला लागले. दुधाच्या आकड्यांशेजारी, ज्या दिवशी गादीवर झालं त्या चौकोनात लाल ठिपका, आणि त्याच चौकोनात घरात त्या दिवशी वेगळं काय झालं ते एका शब्दात. पाहुणे. गॅसवाला. मुलाला ताप. मशीन.

तीन आठवड्यांनी पान समोर धरलं तर सातपैकी पाच ठिपके बुधवारी आणि रविवारी. आमच्याकडे कपडे मशीनला लागतात ते याच दोन दिवशी.

आता मशीन तर फेब्रुवारीपासून तिथेच होतं, मग पाडव्यापासूनच का? फरक वेळेचा होता. उन्हाळा लागला तसं सोसायटीच्या टाकीत पाणी चढवायची वेळ बदलली आणि मी दुपारचं मशीन सकाळी साडेसहाला लावायला लागले. भडंग सहाला खातो आणि साडेसहाला ट्रेकडे जातो. एका रविवारी मी मुद्दाम दाराआड उभी राहिले. तो ट्रेमध्ये बसला, मशीनने कपडे पिळायला जोर धरला, ट्रेखालची फरशीसुद्धा थरथरली, आणि भडंग लिटर उडवत जो सुटला तो थेट पलंगाखाली. तासाभराने गादीवर ओलं.

मांजराच्या हिशेबात ट्रे म्हणजे जिथे पाठ उघडी टाकून क्षणभर बेसावध बसायचं ती जागा. तिथे एकदा दचकलं की जागाच बदनाम होते. मग ते मऊ, शांत, ओळखीच्या वासाची दुसरी जागा शोधतं, आणि घरात अशी जागा म्हणजे आपलं अंथरूण. त्यामागे सूड नसतो. "आपण काल माहेरी गेलो म्हणून त्याने राग काढला" हे वाक्य मी स्वतः तीनदा बोलले आहे, म्हणून सांगते. मांजर सूडाचा बेत आखत नाही. ते फक्त जिथे भीती वाटत नाही तिथे बसतं.

म्हणून त्याचं नाक ओल्यात घासणं, फटका मारणं, कान धरणं हे सगळं उलटं पडतं. तासापूर्वीची शू आणि आत्ताचा फटका यांचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की ही बाई मधूनमधून बिघडते. मग ते तुमच्या नजरेआड करायला शिकतं, आणि तुम्हाला सोफ्यामागचा डाग पंधरा दिवसांनी सापडतो.

ट्रे कुठे, केवढा, आणि त्यात काय

ट्रे हलवायचा ठरल्यावर घरात जे झालं ते सविस्तर लिहीत नाही. हॉलमध्ये देवघर, पॅसेजमध्ये आल्यागेल्याचं पाऊल, स्वयंपाकघराचा तर प्रश्नच नाही. शेवटी मुलाच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलाखालचा कोपरा ठरला. भिंतीकडे पाठ, समोरून येणारा माणूस दिसतो, आणि पळून जायला दोन वाटा. दुसरा ट्रे आमच्या बेडरूमच्या बाथरूमबाहेर. एका मांजराला दोन ट्रे ही चैन वाटते, पण डॉक्टरांचा साधा हिशेब असतो: जेवढी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त, आणि दोन्ही एकमेकांना चिकटून ठेवलेले नकोत. चिकटून ठेवलेले दोन म्हणजे मांजराच्या दृष्टीने एकच.

आकाराची चूक बहुतेक सगळे करतात. आपण पिल्लू आणतो, पिल्लाएवढा ट्रे आणतो, आणि सहा महिन्यांनी बोका त्यात पाय दुमडून बसतो, ढुंगण बाहेर. ट्रे नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा. दुकानात एवढा मोठा मिळेना. मग पलंगाखाली कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा लांबडा डबा आणला, सुरी तापवून त्याची एक बाजू चार बोटं उंचीपर्यंत कापली आणि कड घासून घेतली. झाकणाचा ट्रे आपल्याला बरा वाटतो कारण वास आत कोंडतो. तो कुणाच्या नाकाशी कोंडतो याचा मी विचार केला नव्हता.

लिटरबद्दल खरा शहाणपणा सासूबाईंकडून आला. लव्हेंडरचं पोतं बघून त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडची मांजरं चुलीच्या राखेत जायची. मऊ लागतं त्यांना. आणि राखेला कधी अत्तर असतं का?" अगदी तेच. बारीक दाण्याचं, बिनवासाचं, ओलं झालं की गोळा धरणारं बेंटोनाइटचं लिटर. ही आपल्या कच्छमध्ये निघणारी मातीच आहे. थर चार बोटं, म्हणजे साधारण पाच ते सात सेंटिमीटर. स्वस्तात म्हणून आम्ही बांधकामाची वाळू वापरून पाहिली. ती गोळा धरत नाही, लघवी तळाशी साचते आणि चार दिवसांत घरभर वास. लाकडाच्या वखारीतला भुसा भडंगने पायांना लावून थेट देवघरापर्यंत नेला, त्यामुळे तो प्रयोग एका दिवसात आटोपला. अगदी लहान पिल्लू असेल तर मात्र गोळा धरणारं लिटर नको, ते चाटून बघतात आणि पोटात गोळा होतो. तीन-चार महिन्यांनंतर चालतं.

गोळे रोज काढायचे, दोनदा काढले तर उत्तम. ते संडासात टाकू नका. बेंटोनाइट पाण्यात फुगतं आणि पाइप तुंबतो. पिशवीला गाठ मारून घंटागाडीत द्यायचे. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. तो बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजच्या रोज काढलेला ट्रे निम्मी काळजी मिटवतो. मांजरच घराबाहेर काढा म्हणणारे भेटतील, त्याची गरज नसते.

दूधवाले मामा काय म्हणाले

"वैनी, बोका हाय न्हवं? डॉक्टरकडनं उरकून आणा, गप बसतंय."

मामांचं अर्धं बरोबर होतं. वयात आलेला बोका हद्द आखायला शू मारतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. तो उभा राहतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि मागे भिंतीवर, पडद्यावर, कपाटाच्या दारावर फवारा उडवतो. नसबंदीने दहापैकी साधारण नऊ बोक्यांचं हे थांबतं किंवा खूप कमी होतं. सहाव्या महिन्याच्या आसपास ती करून घ्यावीच. डाग आडवा आणि थारोळ्यासारखा असेल, मांजर खाली बसून करत असेल, तर मात्र तो फवारा नव्हे आणि नसबंदीने तो प्रश्न सुटायचा नाही. भडंगचं थारोळंच होतं. मे महिन्यात आम्ही नसबंदी करून आणली, पंधरा दिवस आनंदात गेले, आणि सोळाव्या दिवशी गादी.

वास

मशीनचा उलगडा झाला, ट्रे हलला, आणि जुलैचा पहिला आठवडा एकही ठिपका न पडता गेला. मग चार दिवस सांगलीत जी रिपरिप लागते ती लागली, आणि पाचव्या दिवशी त्याच गादीच्या त्याच कोपऱ्यात. मशीन बंद होतं. ट्रे स्वच्छ होता. मी गादीला नाक लावलं, आणि एप्रिलपासूनचा सगळा वास तिथे होता.

मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधक असलेलं अमिनो आम्ल असतं. ताज्या लघवीला फारसा वास येत नाही. फेलिनिन हळूहळू फुटत जातं आणि त्यातून तो नाकात जाणारा वास तयार होतो, म्हणून आजच्यापेक्षा उद्या जास्त येतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात फेलिनिन जास्त असतं, म्हणून वयात आलेल्या बोक्याचा वास असह्य. आमची गादी कापसाची. कापसात ते खोलवर मुरलेलं. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकली तेव्हा ती ठणठणीत वाळली आणि आपल्या नाकाला काही येईना. पावसाळी दमट हवेत तेच पुन्हा सुटायला लागलं. भडंगच्या नाकासाठी तर ते कधी गेलंच नव्हतं. त्याच्या लेखी त्या कोपऱ्यावर पाटीच लावलेली होती की हा तुझा संडास.

आता साफ कसं करायचं, ते जरा नीट सांगते, कारण इथेच सगळे हरतात.

फिनेल नको. हे मी ठळक सांगतेय, कारण आपल्याकडे वास म्हटलं की हात आधी फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखे पदार्थ नीट मोडता येत नाहीत. फरशीवरून चालून पंजे चाटले की ते थेट पोटात. याच कमतरतेपायी माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर उठते, तेव्हा ताप आला म्हणून घरच्या डब्यातली गोळी कधीही देऊ नका. ब्लीचही नको. लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्यातून विषारी वायू निघतो, तो तुमच्याच छातीत भरतो. व्हिनेगरने वास थोडा दबतो, जात नाही.

लागतं ते एंझाइमवालं, म्हणजे लघवीतले घटक मोडून टाकणारं क्लीनर. मला सांगलीत दुकानात मिळालं नाही, मागवावं लागलं. ते येईपर्यंत एंझाइम असलेली कपड्यांची पावडर पाण्यात कालवून वापरली, चांगला फरक पडला. पद्धत अशी: ओलं असेल तर जुन्या सुती साडीच्या घडीने दाबून दाबून टिपायचं, घासायचं नाही, घासलं की खोल जातं. मग साधं गार पाणी, पुन्हा टिपणं. मग क्लीनर, आणि तो कंजूसपणा न करता. लघवी जेवढी खोल गेली तेवढं खोल ते पोचायला हवं. वर ओलं फडकं टाकून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ तसंच ठेवायचं, लगेच पुसायचं नाही. आधी डेटॉल वगैरे मारलेलं असेल तर ते आधी धुऊन काढा, नाहीतर एंझाइमचं काम होत नाही.

जुने डाग सापडत नव्हते. तेव्हा नवऱ्याने दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. खोलीत अंधार करून तो गादीवर धरला आणि मी मटकन खाली बसले. अख्खी चादर निळी-पांढरी झगझगत होती. नंतर कळलं, ती साबणाच्या पावडरीतल्या उजळपणाच्या रसायनाची चमक. धुतलेलं कोणतंही कापड तसं दिसतं. लघवीचा डाग पिवळट-हिरवट दिसतो आणि त्याला कडा असतात. चादर काढून गादीवर धरल्यावर तसे चार डाग दिसले, सोफ्यामागे एक, आणि मुलाच्या दप्तरावर एक, ज्याबद्दल शाळेतून अजून तरी काही आलेलं नाही.

कापसाची गादी वाचली नाही. पिंजाऱ्याकडे नेली, त्यांनी उसवली, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच केलंय. वरचा ओला कापूस काढून टाकून उरलेल्याच्या दोन उशा झाल्या. नव्या गादीवर लहान बाळाच्या गादीवर घालतात तसलं मेणकापड घातलं, त्यावर चादर. रात्री सळसळ वाजतं, सवय होते. पुढचे दोन महिने ट्रे आणि गादी यात त्याला निवड करायला लागली तर गादी हरेल एवढं पाहिलं: दिवसा पलंगावर एक जाड, खरखरीत सतरंजी, आणि त्याच्या आवडत्या कोपऱ्यात त्याची खाण्याची वाटी. मांजर जिथे खातं तिथे करत नाही.

पाणी ४० फुटांवर गेलं

जुलैच्या शेवटी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या पुढे सरकली. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, हे सांगलीत शाळेतलं पोर सांगतं. काकानगरात राहणारे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं आमच्याकडे आली, जशी पाणी चढलं की येतात. घरात आठ माणसं. भडंगच्या टेबलाखाली त्यांच्या बॅगा. मुलं त्याला दिवसभर उचलून घेत होती, आणि त्यांना तरी काय बोलणार, त्यांचं घर पाण्यात जाणार की नाही याची ती वाट बघत होती.

तिसऱ्या दिवशी गादी, पायपुसणं, बाथरूमचा कोपरा. पण या वेळी मी ट्रेमधले गोळे मोजले. एरवी दिवसाला तीन, लिंबाएवढे. त्या दिवशी नऊ, सुपारीएवढे, आणि एकावर गुलाबी छटा. प्रत्येकाने गोळ्यांची संख्या आणि आकार लक्षात ठेवावा. मोठ्या मांजराला दिवसाला दोन ते चार गोळे ठीक. पुष्कळ आणि बारीक गोळे म्हणजे मूत्राशयाची जळजळ. खूप आणि मोठे म्हणजे मधुमेह किंवा मूत्रपिंड तपासायला हवं. एकही नाही म्हणजे अगदी वर लिहिलंय ते.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, सोनोग्राफी केली. खडे नाहीत, जंतू नाहीत. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचितच असतो, लघवीच्या तक्रारीने आलेल्या निम्म्याहून अधिक मांजरांत काहीच 'सापडत' नाही आणि सूज मात्र असते. तिला ताणामुळे होणारी मूत्राशयाची सूज म्हणतात. त्यांनी वेदनाशामक दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही. मी कालनिर्णयवरच्या ठिपक्यांच्या तारखा वाचून दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, एप्रिलपासूनच्या काही वेळा हीच सूज असणार. मशीनने दचकणं, ट्रे आवडेनासा होणं, लघवी तुंबवून धरणं, सूज, जळजळ, आणि ट्रेमध्ये दुखलं म्हणून ट्रेच नको. एकातून दुसरं निघत गेलं होतं. तपासायचा क्रम म्हणून उलटा: आधी डॉक्टर, मग ट्रे, मग वास. आम्ही डॉक्टरांकडे सगळ्यात शेवटी गेलो.

त्यांनी भर दिला तो पाण्यावर. पाळीव मांजराचा पूर्वज वाळवंटी रानमांजर. त्याला तहान कमी लागते आणि लघवी घट्ट होते. नुसतं कोरडं खाणं दिलं तर त्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्या खाण्यात पाऊणहून जास्त. आमच्या ओट्यावर अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळे ओल्या खाण्याची पाकिटं ड्राय बाल्कनीत वेगळ्या वाटीत. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी चिकन उकडून त्याचं पाणी द्यावं, पण मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दूध-पोळीवर मांजर जगतं हा समज सोडा. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि त्यांना मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतंच. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी, पसरट, खाण्यापासून लांब.

ताणाचं म्हणाल तर त्याला लपायला आणि चढायला जागा हवी होती. खाली जमिनीवर माणसांचं राज्य. आम्ही मुलाच्या खोलीतल्या लॉफ्टचा अर्धा भाग रिकामा केला आणि कपाटावर एक खोका ठेवला. दिवसातून दोनदा दहा मिनिटं दोरीला बांधलेलं पीस घेऊन मुलाने त्याला पळवायचं, नंतर खाणं. खिडकीबाहेरच्या छज्जावर सोसायटीतला एक काळा बोका येऊन बसायचा, तेही ठिपक्यांच्या पानावरूनच लक्षात आलं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला बटर पेपर लावला, बघाबघी बंद. जाळी आधीपासून होती. ती नसेल तर मांजर आणण्याआधीच लावा, तिसऱ्या मजल्यावरून मांजर पडत नाही असं समजू नका.

वासावरून सोसायटीत कुरबुर झाली. एका सभासदांनी मांजरावर बंदीचा ठराव आणू म्हटलं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मी तो कागद काढून ठेवला होता, पण दाखवायची वेळ आली नाही. वास गेल्यावर ठरावही गेला.

आता नदीची पातळी ३५ फूट झाल्याचं कळलं की मी आधी मुलाच्या खोलीतला कोपरा मोकळा करते, लॉफ्टवर त्याची वाकळ टाकते, आणि येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते की भडंग स्वतः आला तरच हात लावायचा. मशीन लावण्याआधी सासूबाई विचारतात, "आटपलं का त्याचं?"

ऑगस्टनंतर कालनिर्णयवर एकच लाल ठिपका आहे, दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाचा. खाली लड लागली तेव्हा तो बाथरूमबाहेर होता आणि पायपुसणं भिजलं. गोळे मोजले, तीन, लिंबाएवढे. पायपुसणं फेकून दिलं, तीस रुपयांच्या वस्तूवर एंझाइम घालवायचं नाही.